पुडीतला शेंडा

वनस्पतिसंग्रहालयाच्या तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट जात नाही, त्यामुळे साहेब लोकही सहसा जात नाहीत. तिथे एक बाई सव्वीस वर्षं वाळलेली झाडं कागदावर चिकटवत होत्या. सुरुवातीला लोक त्यांना नावाने हाक मारायचे. मग कुणीतरी गमतीने डिंकमावशी म्हटलं, आणि पुढे पगाराचा कागद सोडला तर त्यांचं खरं नाव कुठेच उरलं नाही. त्यांना त्याचं वाईट वाटत नसे. उलट नव्याने आलेल्या कुणी ‘मॅडम’ म्हटलं की त्या मागे वळून बघायच्या, आपल्यामागे कोण उभं आहे म्हणून.

बाहेरच्या माणसाला वाटतं, चिकटवण्यात काय मोठंसं आहे? शाळेत पोरंसुद्धा चिकटवतात. असं कुणी म्हटलं की मावशींचं डोकं फिरायचं. झाड कागदावर असं बसवायचं की एक पान उताणं दिसलं पाहिजे आणि एक पालथं. मूळ कागदाबाहेर जाता कामा नये. दांडा जाड असला तर सुईदोऱ्याने टाचायचा, नाजूक असला तर कागदाच्या पट्टीने धरायचा. मग वर टिपकागद ठेवायचा, वजनं ठेवायची आणि वाट बघायची. अशा एका कागदाला तिथे शीट म्हणतात. शीटला नंबर असतो, झाड कुठून आणलं ते खाली लिहिलेलं असतं, आणि एका कोपऱ्यात पुडी असते.

ही पुडी म्हणजे मावशींचा खरा अभिमान. चिकटवताना जे तुटतं, गळतं ते टाकायचं नाही, अगदी बी असो की पाकळी असो. ते त्या शीटवरच्या कागदाच्या पुडीत जपून ठेवायचं. पुढे कधी एखादा जाणकार येतो, तेव्हा तो शीटवरच्या झाडाला हात लावत नाही. त्याला काही भिजवून, उसवून, भिंगाखाली धरून बघायचं असलं तर तो पुडी उघडतो. म्हणजे झाडाचं नाव काय, ते पुष्कळदा पुडीतल्या कचऱ्यावरच ठरतं. आणि या पुड्या भरायच्या मावशींनी. सव्वीस वर्षांत त्यांच्या पुडीत दुसऱ्या झाडाचं पानसुद्धा निघालं नव्हतं, असं सगळे म्हणायचे. सगळ्यात जास्त त्या स्वतः म्हणायच्या.

निवृत्तीला नऊ दिवस उरले होते, तेव्हाची ही गोष्ट. पण त्याआधी त्यांच्या ताईची हकिगत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

ताई त्यांच्याहून आठ वर्षांनी मोठी. गावाबाहेर ओढ्याच्या काठाला तिची रोपवाटिका होती. नवऱ्याने घेतलेली जमीन, पण राबली ती. मावशींचा नवरा लवकर गेला तेव्हा त्यांची लेक चार वर्षांची होती. मावशी कामावर गेल्या की पोर ताईकडे कुंड्यांच्या मधून फिरायची, माती खायची आणि मार खायची. संध्याकाळी मावशी तिला न्यायला यायच्या तेव्हा ताई म्हणायची, घेऊन जा तुझं हे तण, कुठेही उगवतं. दोघी बहिणींचं एकमेकींवाचून पान हलत नसे.

मग पुदिन्याने घात केला.

बाजारात जुडी मिळते तो पुदिना नव्हे. त्या मुलखात मुळापासूनचा, माणसाने न लावलेला एक रानपुदिना होता म्हणे. जुन्या नोंदींत तो होता, पण गेल्या साठ वर्षांत कुणी पाहिला नव्हता. चौदा वर्षांपूर्वी संग्रहालयातले एक सर एकाच फेरीत दोन पुदिने घेऊन आले. एक ताईच्या रोपवाटिकेला लागून असलेल्या ओढ्यावरचा, नंबर चारशे अकरा. दुसरा पाण्याच्या टाकीखालच्या दलदलीतला, नंबर चारशे बारा. दोन्ही मावशींनी चिकटवले. वर्षभराने लांबच्या शहरातून पुदिन्यांचे मोठे तज्ज्ञ आले. त्यांनी दोन्ही पुड्या उघडल्या, भिंग लावलं आणि चारशे अकरावर चिठ्ठी लावली की साठ वर्षं हरवलेला रानपुदिना तो हाच. चारशे बारावर लिहिलं, बागेतून निसटलेला साधा पुदिना.

सगळीकडे आनंदीआनंद झाला. पेपरात फोटो आला. मग सरकारी यंत्रणा हलली, आणि ती हलते तेव्हा कुणाच्या तरी अंगावरच येते. ओढ्याचा तो काठ म्हणजे दुर्मीळ वनस्पतीचं घर ठरलं. रोपवाटिका तिथून हलवायची असं ठरलं. त्याच दिवसांत टाकीखालच्या दलदलीत भराव टाकून बसचा डेपो करायचं निघालं. तिथे काय, साधा पुदिना, त्यासाठी कोण भांडतो?

ताई भांडली. ती सगळ्यांना सांगत सुटली की ओढ्यावरचा पुदिना मी लावलेला आहे, माझ्या कुंडीतून उतरून तिथे गेलाय, कसला रानटी घेऊन बसलात. कुणी ऐकेना. शेवटी तिने रीतसर हरकत घेतली आणि अकरा वर्षांपूर्वी सुनावणी झाली. संग्रहालयातर्फे मावशींना साक्षीला बोलावलं. त्या तेव्हा पंधरा वर्षं हंगामी होत्या, कायम होण्याचा कागद पुढच्या महिन्यात निघायचा होता. अधिकाऱ्यांनी विचारलं, पुड्यांची अदलाबदल होऊ शकते का? मावशींनी मान ताठ ठेवून सांगितलं, पुड्या मीच भरते, अशी चूक होत नाही. तसं लिहूनही दिलं. मधल्या सुट्टीनंतर ताई परत आत आली आणि कारण न सांगता तिने हरकत मागे घेतली.

रोपवाटिका गेली. त्या दिवसापासून ताईने मावशींचं तोंड पाहिलं नाही. मावशींनी मनाची समजूत घातली होती की ताई खोटं बोलत होती, ते उघडं पडलं म्हणून ती लाजेने दूर राहिली. बहीण खोटारडी निघाली याचं त्यांना दुःख होतं. आपण खरं बोललो याचं समाधानही होतं. दोन्ही जवळ घेऊन अकरा वर्षं निघाली.

आता त्या नऊ दिवसांकडे येऊ.

संग्रहालयातल्या सगळ्या शीटांचे फोटो काढून कॉम्प्युटरवर ठेवायचं काम चालू होतं. फोटोआधी प्रत्येक पुडी उघडायची, आतलं काळ्या कागदावर पसरायचं, फोटो झाला की परत भरायचं. पुदिन्यांचा गठ्ठा मंगळवारी सकाळी मावशींच्या टेबलावर आला. चारशे अकरा वर आली तेव्हा त्यांनी ती ओळखली. न ओळखून कसं चालेल?

शीटवर झाडाचा खालचा भाग होता, वरचा शेंडा तुटलेला. तो पुडीत होता. त्यांनी चिमट्याने शेंडा काळ्या कागदावर ठेवला, आणि सहज, सव्वीस वर्षांच्या सवयीने, तुटलेलं टोक दांड्याच्या टोकाशी लावून बघितलं.

बसलं नाही.

पुदिन्याचा दांडा चौकोनी असतो. खालचा दांडा तिरपा तुटलेला होता, आणि शेंडा सरळ. मावशींनी भिंग घेतलं. खालचा दांडा गुळगुळीत होता आणि शेंड्यावर बारीक लव होती. खालची पानं थेट दांड्याला चिकटलेली होती, शेंड्याच्या प्रत्येक पानाला छोटा देठ होता. मावशी शास्त्र शिकलेल्या नव्हत्या. पण फुटलेल्या कपाचा कान त्याच कपाचा आहे की नाही हे सांगायला शास्त्र लागत नाही.

त्यांनी हात पुसले. मग चारशे बारा काढली. तिची पुडी उघडताना चिमटा दोनदा सुटला. त्या पुडीत टोकाला तुरा असलेला गुळगुळीत शेंडा होता, खाली तिरपा तुटलेला. तो त्यांनी चारशे अकराच्या दांड्याला लावला. केसाएवढीही फट राहिली नाही.

मावशी खुर्चीवर बसल्या नाहीत, बसणं जमलंच नाही. टेबलाची कड धरून त्या उभ्या राहिल्या. कानात वारं भरल्यासारखं झालं. शेजारच्या टेबलावरचा फोटोवाला काहीतरी विचारत होता, त्याचे ओठ हलताना दिसत होते. थोड्या वेळाने कळलं की तो ‘मावशी, पाणी देऊ का’ म्हणतोय.

त्यांनी कामाची जुनी वही काढली. त्या दिवशी सहा शीटा झाल्या होत्या, पुड्या फक्त दोन. कसं झालं असेल ते त्यांनी जुळवून बघितलं. तुटलेले शेंडे त्या बशीत ठेवायच्या, प्रत्येक शीटची वेगळी बशी, ओळीने. शीटा वजनाखाली वाळत ठेवायच्या आणि वाळल्या की गठ्ठा उचलून टेबलावर ठेवायचा. गठ्ठा उचलताना पालथा झाला की वरची शीट खाली जाते. बशा मात्र जागच्या जागी राहतात. एवढंच झालं असेल. त्या दिवशी ताप होता, घाई होती, डोळ्यात काही गेलं होतं, असं काहीतरी आठवावं म्हणून त्यांनी खूप जोर लावला. काहीही आठवेना. साधा, रोजच्यासारखा दिवस होता. सबब म्हणून सांगायलासुद्धा त्यात काही नव्हतं.

आणि तज्ज्ञांचं काय? तेवढं मोठं भिंग, तेवढं मोठं नाव. त्यांच्या चिठ्ठीखाली बारीक अक्षरात एक ओळ होती, ती मावशींनी आयुष्यात पहिल्यांदा नीट वाचली. शेंड्याची पानं आणि खालची पानं वेगळी दिसतात, पण पुदिन्याच्या कुळात सगळ्यांची सगळ्यांशी सोयरीक होत असल्याने असा फरक चालायचाच, अशा अर्थाचं काहीतरी होतं. म्हणजे त्यांनी पाहिलं होतं. पाहून सोडून दिलं होतं, कारण पुडीवर विश्वास होता. मावशींच्या पुडीवर.

दुपारी त्या प्रमुख बाईंच्या खोलीत गेल्या. प्रमुख बाई वयाने मावशींच्या लेकीएवढ्या, पण वनस्पतींच्या अभ्यासात हुशार. दोन्ही शीटा समोर ठेवून मावशींनी काय झालं ते सांगितलं. बाई बराच वेळ भिंगातून बघत राहिल्या. मग मान वर केली. उठून त्यांनी दार लावलं.

मग त्यांनी जे सुचवलं ते प्रेमापोटीच सुचवलं असणार. मावशी, तुमचे नऊ दिवस राहिलेत. पुड्या गुपचूप बदलून ठेवा, फोटो तसेच निघतील. पुढे कधी कुणी अभ्यास करेल तेव्हा नाव आपोआप सुधारेल, तुमच्यावर काही येणार नाही. तुमच्या निरोपाला संचालक येणारेत, त्यांच्यापुढे हे कशाला?

मावशींना ते ऐकून क्षणभर हायसं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. कुणालाही कळलं नसतं. दोन पुड्या, दोन मिनिटांचं काम. त्यांनी शीटा उचलल्यासुद्धा. दारापर्यंत गेल्या आणि तिथेच थांबल्या.

“बाई, पुड्या बदलल्या तर माझं निस्तरेल,” त्या म्हणाल्या. “ताईची जागा कुठल्या कागदावर परत द्यायची?”

संग्रहालयाचा एक नियम आहे. शीटवरची जुनी चिठ्ठी कधी काढत नाहीत. चुकीची असली तरी ती राहते, तिच्याशेजारी नवी लावतात. आजवर मावशींनी हजारो चिठ्ठ्या चिकटवल्या, सगळ्या शिकलेल्या माणसांच्या. त्या दुपारी त्यांनी स्वतःच्या अक्षरात दोन लिहिल्या. ‘या शीटची आणि शेजारच्या शीटची पुडी माझ्या हातून बदलली गेली. शेंडे जुळवून पाहिले आहेत.’ खाली तारीख आणि पूर्ण नाव. स्वतःचं नाव लिहिताना त्यांना ते दुसऱ्याच कुणाचं असल्यासारखं वाटलं.

प्रमुख बाईंनी खाली सही केली. म्हणाल्या, सिद्ध करायला जिवंत झाड हवं. दोन्ही ठिकाणं बघावी लागतील. मावशी म्हणाल्या, मी बघून येते. बाईंनी त्यांना कागदावर काढून दाखवलं. साध्या पुदिन्याची फुलं दांड्याच्या टोकाला तुऱ्यासारखी येतात. रानपुदिन्याची टोकाला येत नाहीत. ती पानाच्या काखेत, दांड्याभोवती झुबक्याने बसतात, आणि टोकाला पानंच असतात. बस, एवढं बघा.

बुधवारी सकाळी त्या ओढ्यावर गेल्या. अकरा वर्षांत पाऊल ठेवलं नव्हतं. रोपवाटिकेचा पत्र्याचा मांडव गेला होता, कुंड्यांच्या ओळी गेल्या होत्या. कंबरेएवढी जाळी, तिच्यावर संरक्षणाची गंजकी पाटी आणि पाटीखाली खुर्चीत बसलेला राखणदार. जाळीच्या आत, हात लांब केला तर पोचेल एवढ्या अंतरावर पुदिना उभा होता, अंगभर फुललेला. प्रत्येक दांड्याच्या टोकाला फिकट जांभळा तुरा होता. भिंग कशाला, चष्म्याशिवायही दिसत होता.

मावशींनी राखणदाराला विचारलं, ही फुलं दरवर्षी अशीच येतात का? तो म्हणाला, अशीच येतात, मधमाश्यांचा नुसता उच्छाद असतो. तपासणीला कुणी येत नाही का? येतात की, दरवर्षी नेमाने येतात. वर्षअखेरीला, कागद पुरे करायला. तेव्हा फुलं झडलेली असतात, पण पानं चोळून वास घेतात आणि ‘आहे’ असं लिहून जातात.

त्या जाळीला धरून उभ्या राहिल्या. अकरा उन्हाळे ही फुलं उघड्यावर उभी होती आणि ताई खरं बोलत होती हे ओरडून सांगत होती. बघायला कुणी आलं नाही, आणि आपण तर मुळीच आलो नाही. राखणदाराने उठून आपली खुर्ची दिली.

दुपारी बसच्या डेपोत गेल्या. दलदलीच्या जागी डांबर, डांबरावर बसगाड्या, सगळीकडे डिझेलचा वास. साठ वर्षांनी सापडलेलं झाड आपण एका पुडीने या डांबराखाली घातलं, हा विचार त्यांना सोसवेना. तरी त्या भिंतीच्या कडेकडेने पूर्ण फेरी मारून आल्या. मागच्या बाजूला, गाड्या धुण्याच्या जागेपलीकडे, टाकीच्या जुन्या पाइपातून पाणी झिरपत होतं. तिथे दोन हात रुंद आणि दहा-बारा हात लांब असा चिखलाचा पट्टा उरला होता. गवत, लव्हाळा, फुटलेले टायर. आणि टायरच्या मधून वर आलेला पुदिना.

त्या चिखलात गुडघे टेकून बसल्या. दांडा चौकोनी. त्यावर लव, बोटाला लागेल अशी. प्रत्येक पानाला देठ. फुलं टोकाला नव्हतीच. पानांच्या काखेत, दांड्याला कवटाळून, एकावर एक झुबके, आणि सगळ्यात वर दोन कोवळी पानं. पान चोळलं तर वास बाजारातल्या पुदिन्याचा नव्हे. आधी कडवट, मग एकदम गार, नाकातून डोळ्यांत जाणारा. सव्वीस वर्षं त्यांनी मेलेलीच झाडं हाताळली होती. हे जिवंत होतं, आणि त्यांनी त्याला मारायचं काही बाकी ठेवलं नव्हतं.

मागून एक मेकॅनिक आला आणि म्हणाला, बाई, तिथे बसू नका, उद्या त्या तणावर औषध मारायचंय.

मावशींनी तिथूनच प्रमुख बाईंना फोन लावला. काय बोलल्या ते त्यांना नंतर आठवेना, पण बाई तासाभरात धापा टाकत आल्या, चांगल्या कपड्यांनिशी चिखलात बसल्या आणि भिंग डोळ्याला लावून रडायला लागल्या. मग उठून डेपोच्या साहेबांकडे गेल्या. फवारणी थांबली. साहेबांना शेवटपर्यंत कळलं नाही की तणासाठी दोन बायका एवढ्या का हादरल्यात.

गुरुवारी मावशी ताईकडे गेल्या. प्रमुख बाईंनी परवानगी दिलेली एक फांदी ओल्या कापडात गुंडाळून बरोबर होती.

ताई आता एका लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत काम करायची. ताईच्या मुलाने पत्ता दिला होता, त्याने फोनवर दुसरं काहीच विचारलं नाही. खोलीत वाफ भरलेली, भिंतीला दोन इस्त्र्या, मध्ये लांब टेबल. टेबलाशी ताई बसलेली, प्रत्येक कपड्याला खुणेची चिठ्ठी लावत. पूर्वी तिच्या अंगाला मातीचा वास असायचा, आता साबणाचा होता. ती म्हातारी झाली होती. मावशींना उगाचच वाटत होतं की ताई आहे तशीच राहिली असेल. खिडकीच्या कट्ट्यावर एकही कुंडी नव्हती.

ताईने वर बघितलं आणि परत खाली बघितलं. बस म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. मावशींनी उभ्यानेच सांगितलं. पुडी, शेंडे, तुरा, जाळी, डेपो. तू खरं बोलत होतीस, चूक माझी होती, मी लिहून दिलंय. जाळी निघेल, जागा परत मिळेल, बाईंनी वर पत्र धाडलंय. ताईचे हात चालूच होते.

“जागा मिळेल,” ताई म्हणाली. “अकरा वर्षांपूर्वीची कंबर कोण देणार? पत्र धाडलंय का तिच्यासाठी?”

ताईने चिठ्ठी टाचलेला शर्ट बाजूला ठेवला. “माझ्याकडे अजून एकाची पँट दुसऱ्याला गेलेली नाही,” ती म्हणाली, आणि हात पुढे केला. मावशींनी फांदी दिली. ताईने वास घेतला नाही. आधी दांड्यावरून अंगठा फिरवला, मग एका पानाचा देठ नखाने उचलून पाहिला.

“हाच,” ती म्हणाली. “त्या दिवशी टेबलावर हाच होता.”

कुठल्या दिवशी, ते मावशींना कळेना.

“सुनावणीच्या. साहेबांनी शीट माझ्यासमोर सरकवली, पुडी उघडून ठेवलेली होती. माझ्या पुदिन्याच्या पानाला देठ कधी होता? मी ते झाड वीस वर्षं खुडलंय. बघताक्षणी कळलं की शेंडा माझा नाही, कुणीतरी घोळ घातलाय. तेवढ्यात तू उठलीस आणि म्हणालीस, पुड्या मीच भरते.”

कपड्यांच्या ढिगाला धरून मावशी बाकावर टेकल्या. ताईला माहीत होतं. अकरा वर्षं माहीत होतं. ती लाजली नव्हती, हरली नव्हती. तिने सगळं बघून हरकत मागे घेतली होती.

“मग मला बाजूला घेऊन सांगायचंस ना,” त्या म्हणाल्या. “सुट्टी झाली होती तेव्हा. मी तिथल्या तिथे पुडी उघडून बघितली असती.”

“सांगायलाच आले होते. जिन्यावर तुझा हात धरला होता.”

तो जिना मावशी साफ विसरल्या होत्या, किंवा विसरायचं ठरवून विसरल्या होत्या. आता तो पायरीपायरीने समोर आला. ताई मागून आली होती. मनगट धरून म्हणाली होती, जरा थांब, एक बोलायचंय, फक्त तुझ्याशी. आणि आपण हात हिसडून सोडवून घेतला होता. लोक बघतायत म्हणून आवाज दाबून, दातओठ खात एकच वाक्य बोललो होतो. ते वाक्य आत्ता त्यांना शब्दन् शब्द ऐकू आलं. ताई, तुझ्या कुंड्यांपायी माझी नोकरी घालवू नकोस.

त्यांनी ताईकडे पाहिलं. ते वाक्य ताईलाही ऐकू येत असावं.

“मग नाही घालवली,” ताई म्हणाली, आणि ढिगातला पुढचा शर्ट ओढून त्याच्या कॉलरला चिठ्ठी लावली.